कलम ३०९ गेलं, भीती राहिली



अकलूजसारख्या गावात कुणी जीवाचं बरंवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला आणि सुदैवाने वाचला, तर घरात आधी कुजबुज होते : ‘बाहेर बोलू नका, पोलीस केस होईल.’ मग डॉक्टरांना सांगतात, ‘चक्कर येऊन पडला.’ शरीरावर उपचार होतात, मनाचं दुखणं तसंच घरी परत येतं. ही भीती आली कुठून आणि आज तिला आधार किती, ते आपण पाहू.

१८६० साली इंग्रजांनी भारतीय दंड संहिता केली. तिच्या कलम ३०९ने आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवला. शिक्षा एक वर्षापर्यंत साधी कैद. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात हा देवाचा आणि राजाचा अपराध मानत. इंग्लंडने १९६१ साली तो कायदा बदलला. आपल्याकडे मात्र कलम तसंच राहिलं.

त्याला पहिला मोठा धक्का महाराष्ट्रात बसला. मुंबई पोलीस दलातल्या एका शिपायाला अपघातात डोक्याला मार लागला आणि पुढे मानसिक आजार जडला. त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला, म्हणून त्याच्यावर खटला झाला. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. पी. बी. सावंत आणि न्या. बी. जी. कोळसे-पाटील यांनी हे कलम घटनाबाह्य ठरवलं. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. शिक्षा कशासाठी, हा आमचा जुना प्रश्न. ज्याला मरणाचंच भय उरलं नाही, त्याला कैदेचं भय काय घालणार? न्यायालयाने हेच ओळखलं : अशा माणसाला उपचार हवेत, कोठडीत त्याची अवस्था आणखी बिघडेल.

१९९४ साली सर्वोच्च न्यायालयानेही कलम रद्द ठरवलं, पण १९९६ साली पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते पुन्हा वैध ठरवलं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने वाट बदलली. त्याचं कलम ११५ म्हणतं : प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असं, उलट सिद्ध न झाल्यास, गृहीत धरावं, त्याला शिक्षा करू नये, त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं कलम ३०९ नाही. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे.

आजही रुग्णालय पोलिसांना कळवतं, जबाब होतो. पण जबाब झाला म्हणजे गुन्हा दाखल झाला, असं नव्हे. तेव्हा डॉक्टरांपासून खरं लपवू नका. पूर्वी एकदा प्रयत्न केलेल्या माणसाला पुढेही धोका अधिक असतो. त्याच्यावर मनाचे उपचार होणं म्हणूनच निकडीचं.

कायदा बदलला तरी ओळखायचं काम आपलंच. ‘माझा तुम्हाला भार झालाय’ असं कुणी वारंवार म्हणू लागलं, झोप-जेवण सुटलं, दारू वाढली, पारावर येणं बंद झालं, एकाएकी देणीघेणी मिटवून जपलेल्या वस्तू वाटून टाकल्या, किंवा फार दिवसांच्या घालमेलीनंतर माणूस अचानक शांत झाला, तर जवळ बसा. सरळ विचारा : ‘जीव नकोसा झालाय का? मरावंसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज खरा नाही. उलट बोलायला वाट मिळते. ऐकताना ‘लोक काय म्हणतील’, ‘पोराबाळांकडे बघ’ असले उपदेश नकोत.

उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, घातक वस्तू दूर ठेवा आणि रुग्णालयात न्या. तातडीच्या वेळी १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. फोन मोफत, दिवसरात्र केव्हाही, मराठीतही बोलता येतं. घरच्यांनीही सल्ल्यासाठी फोन करावा. पुढचे उपचार सोलापूरच्या शासकीय रुग्णालयात मिळतात. येरवड्याचं नाव ऐकून घाबरून घरी बसू नये.

आज ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात हेच चाललं असेल, तर घरातल्या एकाला तरी आजच सांगा. ते जमत नसेल तर १४४१६ लावा. आता कायदाही तुमच्या बाजूने आहे.