गांठ कां धरते?

गर्भाशयांत धरणाऱ्या गांठींचें, म्हणजे फायब्रॉइडचें, दुखणें फार जुनें आहे. त्याच्या कारणाचा शोध मात्र अलीकडचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन वैद्य रुडोल्फ फिर्खो यांनीं या गांठी गर्भाशयाच्या स्नायूंतूनच उत्पन्न होतात असें दाखविलें. पण निरोगी स्नायूची पेशी अशी कां वाढूं लागते, हा प्रश्न तसाच राहिला.

१९३९ च्या सुमारास चिली देशांत अलेक्झांडर लिपशुत्स यांनीं गिनिपिगांस ईस्ट्रोजेन हा स्त्रीशरीरांतील अंतःस्राव सतत देऊन तशा गांठी उत्पन्न केल्या. दोष स्रावाच्या अतिरेकाचा, हें मत त्यामुळें बळावलें. परंतु गांठी असलेल्या पुष्कळ स्त्रियांच्या रक्तांत हा स्राव इतरांहून अधिक आढळत नाहीं. मग भेद कोठें?

१९५८ सालीं शिकागोचे एल्वुड जेन्सन यांनीं उत्तराची वाट दाखविली. किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण केलेलें ईस्ट्रोजेन त्यांनीं उंदरांस टोंचलें. तें रक्तावाटे सर्वत्र गेलें. पण गर्भाशयानें तें धरून ठेविलें. नभोवाणीचा शब्द साऱ्या गांवावरून जातो, ऐकूं येतो तो मात्र जेथें ग्राहक यंत्र आहे तेथेंच. तसाच हा प्रकार. पेशींतील या ग्राहक प्रथिनास ‘रिसेप्टर’ म्हणतात.

१९८६ सालीं मानवी ईस्ट्रोजेन-ग्राहकाच्या जनुकाची अक्षरमाला वाचली गेली. तींतील बारीकसारीक भेदांमुळें एकीस गांठी होतात व दुसरीस होत नाहींत, असें असेल काय? लहान गटांवरील पाहण्यांनीं परस्परविरुद्ध उत्तरें दिलीं. अखेर २०१८ सालीं आइसलँड व ब्रिटन येथील हजारों स्त्रियांचीं जनुकें ताडून पाहतां, त्या जनुकाच्या परिसरांतील भेदांचा गांठींशीं संबंध दिसून आला. मात्र अशा एकेका भेदाचा भार अल्पच असतो.

दरम्यान २०११ सालीं हेलसिंकीच्या संशोधकांस सुमारें ७० टक्के गांठींत ‘मेड-१२’ या जनुकांत बदल आढळला. हा बदल जन्मजात नव्हे. तो त्या गांठीच्याच पेशींत पुढें घडलेला असतो.

तात्पर्य, आईस गांठी होत्या तर मुलीस धोका वाढतो. पण तें विधिलिखित नव्हे. आणि गांठ झालीच, तर तो तिच्या वागणुकीचा दोष नव्हे. घरोघरीं बाईच्या माथीं येणारा बोल या दीर्घ इतिहासानें खोटा ठरविला आहे.