कर्कश स्टिरिओ, इक्वलायझर आणि माळवदाची घरं

आजचा प्रश्न साधा आहे. घरातला स्टिरिओ कानाला टोचतो, तो मऊ करायची युक्ती आली कुठून? मी माकणीचा, निम्न तेरणा धरणाच्या गावचा. त्यामुळं गोष्ट अमेरिकेत फिरली तरी येणार तेरणाकाठीच.

इक्वलायझर हा शब्द टेलिफोनवाल्यांचा. लांब तारेतून जाताना वरच्या पट्टीतला आवाज जास्त झिजायचा. दुसऱ्या टोकाला तो उचलून सगळं समान करायचं, म्हणून इक्वलायझर. म्हणजे मूळ काम वाढवण्याचं, दाबण्याचं नाही बरं का! दाबायची गरज पडली बोलपटांना. आपला 'अयोध्येचा राजा' 1932 चा. त्या काळी फिल्मवरच्या आवाजात खरखर फार. म्हणून 1938 मध्ये अमेरिकेत 'अकॅडमी कर्व्ह' ठरला: थिएटरात वरचा आवाज मुद्दाम उतरवायचा. खरखर गेली, तिच्याबरोबर चमकही गेली.

टोचतं नेमकं कुठं, याचं उत्तर 1933 मध्येच मिळालं होतं. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवलं की कान सगळीकडं सारखा ऐकत नाही. तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास तो सगळ्यात तिखट असतो. स्पीकरनं तिथं जरा जास्त दिलं की झालं.

घरात आलं ते बॅक्सँडॉलचं सर्किट. पीटर बॅक्सँडॉल हा इंग्रज इंजिनिअर. 1952 मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात त्यानं ते छापलं. बेस आणि ट्रेबल, दोन बटणं. पण ट्रेबल कमी केला की टोचणी जाते आणि टाळही मुका होतो. मग ग्राफिक इक्वलायझर आला, दहा दांड्यांचा. त्यात फक्त चार हजारची दांडी दोन-तीन डेसिबल खाली घ्यायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. 1972 मध्ये जॉर्ज मॅसनबर्गनं पॅरामेट्रिक इक्वलायझर मांडला. त्यात जागा आणि रुंदी दोन्ही आपण ठरवायची. आज मोबाईलमधलं अ‍ॅप हेच करतं. कोड लिहिणाऱ्यांसाठी सांगतो, एका दांडीला पाच गुणक पुरतात.

पण आमच्या भागात कर्कशपणाचं एक कारण यंत्रात नाही, भिंतीत आहे असं मला वाटतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. दगड-मातीची माळवदं कोसळली, हजारो माणसं गेली. पुढं 52 गावं नव्या जागी वसवली, सिमेंट-काँक्रीटची घरं आली. माझा जन्म त्यानंतरचा. त्या जुन्या घरांचं कौतुक करायला जीभ रेटत नाही, कारण त्याच जड छतांनी माणसं दाबली. तरी आवाजापुरतं बोलायचं तर मातीचा लेप, लाकडी सर, कोपऱ्यातली धान्याची पोती हे सगळं आवाज पिणारं होतं. गुळगुळीत सिमेंट आणि फरशी तो परत फेकतात.

आणि इथं इक्वलायझरची हद्द येते. तो कुठला सूर किती मोठा हे बदलतो. भिंतीवरून उशिरा परत येणारा आवाज काही पुसू शकत नाही. म्हणून आधी स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर आजीची जाड वाकळ टांगा. वरच्या पट्टीतला आवाज ती बऱ्यापैकी शोषते. मग दांडीला हात लावा. घरच्यांना वाकळीचं कारण काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा.