क्लॉड रेन्स : कमावलेला आवाज

१/ नोव्हेंबर १९३३ मध्ये ‘द इन्व्हिजिबल मॅन’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचा नायक जवळजवळ शेवटपर्यंत प्रेक्षकांना दिसत नाही. दिसतात त्या चेहऱ्याभोवती गुंडाळलेल्या पट्ट्या आणि काळा चष्मा. बाकी सारा कारभार आवाजाचा. त्या आवाजाच्या बळावर चाळिशी ओलांडलेला एक इंग्रज नट हॉलिवूडमध्ये स्थिरावला. त्याचे नाव क्लॉड रेन्स. (धागा)

२/ पुढची तीन दशके अमेरिकन प्रेक्षकांच्या लेखी रेन्स म्हणजे खानदानी इंग्रज सभ्यतेचा नमुना होता. प्रत्यक्षात ती सभ्यता आणि तो आवाज, दोन्ही कमावलेले होते. इंग्लंडमध्ये उच्चारावरून माणसाची पायरी ठरत असे, त्या काळाची ही गोष्ट आहे.

३/ विल्यम क्लॉड रेन्स याचा जन्म १० नोव्हेंबर १८८९ रोजी दक्षिण लंडनमधील कॅम्बरवेल भागात झाला. वडील नट होते, पण घरात दारिद्र्य होते आणि अनेक भावंडे बालपणीच दगावली. मुलाची बोली ठसठशीत कॉकनी, म्हणजे लंडनच्या कष्टकरी वस्तीची. त्यात भर म्हणजे जिभेत दोष होता. ‘र’चा उच्चार ‘व’सारखा होई. स्वतःचे आडनावही धड उच्चारता येत नव्हते.

४/ वयाच्या दहाव्या वर्षी तो रंगभूमीवर आला आणि पुढे ‘हिज मॅजेस्टीज’ या नाट्यगृहात कामाला लागला. नटांच्या खोल्यांची दारे ठोठावून प्रवेशाची वर्दी द्यायची, हे त्याचे काम. तेथून तो प्रॉम्प्टर झाला, मग साहाय्यक रंगमंच व्यवस्थापक. विंगेत उभे राहून इतरांची वाक्ये ऐकणे हीच त्याची शाळा होती.

५/ या नाट्यगृहाचे मालक हर्बर्ट बीअरबोम ट्री हे त्या काळातील मातब्बर नट-व्यवस्थापक. पोराची चुणूक त्यांनी हेरली आणि त्याच्या उच्चारशिक्षणाचा खर्च स्वतः उचलला. ही निव्वळ कृपा नव्हती, व्यवहारही होता. कॉकनी बोलणाऱ्या नटाच्या वाट्याला नोकर किंवा विदूषक येई. राजा किंवा सरदार होण्यासाठी ‘शुद्ध’ इंग्रजी लागे.

६/ पुढे १९१४ मध्ये याच नाट्यगृहात बर्नार्ड शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ लंडनकरांनी प्रथम पाहिले. कॉकनी बोलणाऱ्या फुलवालीला उच्चार शिकवून ‘लेडी’ बनवणारा प्राध्यापक हिगिन्स हे त्यातील मुख्य पात्र, आणि ती भूमिका केली खुद्द ट्री यांनी. रंगमंचावर जो प्रयोग विनोद म्हणून गाजला, तोच त्या इमारतीत पडद्यामागे एका पोरावर आधीच झालेला होता.

७/ पहिल्या महायुद्धात रेन्स ‘लंडन स्कॉटिश’ पलटणीत साधे शिपाई म्हणून दाखल झाले. रोनाल्ड कोलमन, बेसिल रॅथबोन, हर्बर्ट मार्शल हे पुढे गाजलेले नटही याच पलटणीतले. विषारी वायूच्या हल्ल्यात रेन्स यांच्या एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली, ती कायमचीच. युद्ध संपले तेव्हा ते कॅप्टन झाले होते. कॅम्बरवेलच्या पोरासाठी ही बढती साधी नव्हती.

८/ १९२० च्या दशकात त्यांनी ‘रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट’ या संस्थेत शिकवले. ही संस्था १९०४ साली ट्री यांनीच सुरू केलेली. विद्यार्थ्यांत जॉन गिलगुड आणि चार्ल्स लॉटन होते. गिलगुड म्हणजे इंग्रजी रंगभूमीवरील विख्यात टेरी घराण्याचा वारस. त्या घराण्यातील मुलगा एका कॉकनी पोराकडून अभिनयाचे धडे घेत होता!

९/ ‘इन्व्हिजिबल मॅन’चे दिग्दर्शक जेम्स व्हेल हेही १८८९ चेच, डडली या औद्योगिक गावातील भट्टी-कामगाराचे पुत्र, महायुद्धात अधिकारी आणि जर्मनांचे युद्धकैदी. शरीर अदृश्य करण्यासाठी काळ्या मखमलीचा पोशाख आणि काळ्याच मखमलीची पार्श्वभूमी वापरण्यात आली. पण तंत्राने केवळ पोकळी निर्माण केली. तीत माणूस भरला तो रेन्स यांच्या आवाजाने. त्यांचा चेहरा दिसतो तो अखेरीस, पात्राच्या मृत्यूनंतर.

१०/ त्यानंतर ‘रॉबिन हूड’मधील राजपुत्र जॉन (१९३८), ‘मिस्टर स्मिथ’मधील तडजोडीने पोखरलेला अमेरिकन सिनेटर (१९३९), ‘कॅसाब्लांका’तील फ्रेंच पोलीस अधिकारी रेनो (१९४२), ‘नोटोरियस’मधील प्रेमात फसलेला नाझी (१९४६). देश बदलले, आवाज मात्र तोच राहिला. शिकून घेतलेल्या त्या इंग्रजीला कोणत्याही गावाचा वास नव्हता, म्हणूनच ती कोणत्याही गावी खपून गेली.

११/ साहाय्यक अभिनेत्याचे ऑस्कर सुरू झाले ते १९३६ च्या चित्रपटांपासून. रेन्स यांना या गटात चार नामांकने मिळाली, पारितोषिक एकदाही नाही. चौथ्या वेळी ते हॅरल्ड रसेल यांना मिळाले. रसेल हे सैन्यात असताना अपघातात दोन्ही हात गमावलेले माजी सैनिक. एका युद्धाने डोळा नेलेला नट दुसऱ्या युद्धाने हात नेलेल्या सैनिकापुढे हरला.

१२/ १९४५ च्या ‘सीझर अँड क्लिओपात्रा’त ते सीझर झाले, नाटककार पुन्हा शॉ. १९५१ मध्ये ‘डार्कनेस अ‍ॅट नून’ या नाटकासाठी त्यांना प्रमुख अभिनेत्याचा टोनी पुरस्कार मिळाला. चित्रपटाने ज्यांना कायम बाजूला उभे केले, त्यांना रंगभूमीने साठीनंतर मध्यभागी आणले.

१३/ १९६२ च्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त ते ड्रायडन आहेत : साम्राज्याच्या सोंगट्या हलवणारा, कधीही आवाज न चढवणारा मुत्सद्दी. साम्राज्याच्या वरच्या वर्गाची बोली इतक्या सहजतेने बोलणारा हा माणूस त्या वर्गात जन्मलेलाच नव्हता. ३० मे १९६७ रोजी अमेरिकेत त्यांचे निधन झाले. तेथील नागरिकत्व त्यांनी १९३९ मध्येच घेतले होते.

१४/ रेन्स यांचे यश खरे, आणि त्याची किंमतही खरी. वर चढण्याची वाट मिळाली, पण घरची बोली दाराबाहेर ठेवल्यावरच. कॅम्बरवेलमधील ज्या मुलांना कोणी ट्री भेटला नाही, त्यांच्यातही नट असतीलच. त्यांची नावे कोणत्याही श्रेयनामावलीत नाहीत. ‘अस्सल इंग्रज’ आवाजाचा इतिहास लिहिताना ही गैरहजेरीही मोजावी लागते. (धागा समाप्त)