पडद्याआडची नाडी

सतराव्या शतकात फ्रान्स्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य मोगल दरबारात होता. एकदा त्याला जनानखान्यातल्या एका बाईला तपासायला बोलावले. ती इतकी आजारी होती की तिला बाहेरच्या दरवाजापर्यंत आणणे शक्य नव्हते. तेव्हा बर्निएच्या डोक्यावरून पार पायांपर्यंत काश्मिरी शाल पांघरण्यात आली आणि आंधळ्याला न्यावे तसे एका खोजाने त्याला हाताला धरून आत नेले. रोगी पडद्यात असल्याचे आपण ऐकून असतो, इथे वैद्यालाच पडद्यात घातले होते. त्याच काळातला निकोलाव मनुची हा व्हेनिसचा; तोही इथे वैद्यकी करी. वैद्यकी कुठे शिकलात, असे त्याला विचारायची सोय नव्हती. पण त्यानेही लिहून ठेवले आहे, की नाडी पाहायची ती पडद्याच्या आत हात घालून; आणि काही बायका तो हात धरून त्याचे चुंबन घेत, हळूच चावतही. मनुची तिखटमीठ लावण्यात पटाईत होता, तेव्हा चावण्याचे किती खरे मानायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. पडद्याबद्दल मात्र शंका घ्यायचे कारण नाही.

नाडी एक वेळ पडद्याआडून कळेल. अडलेल्या बाळंतिणीचे, स्तनातल्या गाठीचे काय करायचे?

हा संकोच फक्त पूर्वेचा, असा समज करून घ्यायला नको. जाक-पिएर मेग्रिए या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञाच्या १८२२च्या ग्रंथात एक प्रसिद्ध चित्र आहे. बाई पूर्ण पोशाखात उभी, डॉक्टर तिच्यासमोर गुडघा टेकून बसलेला, हात घागऱ्याखाली आणि नजर दुसरीकडे. तपासणी बोटांनी करायची, डोळ्यांनी नाही, असा तो शिष्टाचार. त्याआधी १८१६ साली पॅरिसच्या नेकेर इस्पितळात रने लाएनेकपुढे हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी आली होती. शरीर स्थूल असल्याने छातीवर टिचक्या मारून काही उमगेना आणि छातीला कान लावणे तिच्या वयाला आणि स्त्रीपणाला शोभणारे नव्हते. लाएनेकने कागदाचा दस्ता घट्ट गुंडाळला, एक टोक तिच्या छातीवर टेकवले आणि दुसऱ्याला आपला कान लावला. नुसत्या कानाने ऐकू येत, त्याहून ठोके स्पष्ट होते. पुढे त्या सुरळीची लाकडी नळी झाली आणि नळीचा स्टेथोस्कोप. डॉक्टरला चार बोटे दूर राहावे लागले आणि त्यातून वैद्यकाचा फायदाच झाला.

पण हीच मर्यादा दरवाजे बंद करायलाही कामी येई. १८६९ साली एडिनबरा विद्यापीठात वैद्यक शिकायला गेलेल्या मुलींमध्ये एडिथ पीची होती. रसायनशास्त्रात ती चमकली, तरी तिच्या हक्काची शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारली गेली. मुलामुलींनी एकत्र बसून शरीरशास्त्र शिकणे सभ्यपणाला धरून नाही, असा तिथल्या विरोधकांचा मोठा मुद्दा होता. याच पीचीबाई डिसेंबर १८८३ मध्ये मुंबईच्या धक्क्यावर उतरल्या, त्या मात्र सभ्यपणाच्याच नावाने बोलावल्या गेल्या होत्या. इथल्या बायका पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देत नाहीत, तेव्हा बाई डॉक्टरच हवी.

हे बोलावणे सरकारचे नव्हते. जॉर्ज किट्रेज हा मुंबईत धंदा करणारा अमेरिकन आणि सोराबजी शापुरजी बंगाली हे पारशी सुधारक, या दोघांनी निधी उभा केला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी इस्पितळासाठी मोठी रक्कम दिली. २२ नोव्हेंबर १८८३ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉटच्या हस्ते कोनशिला बसली आणि १८८६ मध्ये कामा इस्पितळ सुरू झाले. तिथे रोगी बायका-मुले आणि डॉक्टरही बायकाच. ग्रँट मेडिकल कॉलेजची दारे मुलींना उघडली तीही १८८३ सालीच. त्याच वर्षी अमेरिकेला निघण्यापूर्वी आनंदीबाई जोशी यांनी सेरामपूरच्या सभेत हिंदू स्त्री-डॉक्टरची गरज मांडली होती. स्वतःचे दहा दिवसांचे मूल गमावलेल्या बाईचे ते बोलणे होते.

म्हणजे बायकांना तपासायला बाईच हवी, ही गोष्ट १८८६ पर्यंत मुंबई इलाख्यात समजलेली होती. त्यानंतर अकराच वर्षांत प्लेगच्या साथीत पुण्यात जे घडले ते म्हणूनच अधिक खटकते.

प्लेगची गाठ येते जांघेत, काखेत किंवा मानेला. पिसू बहुधा पायाला चावते, त्यामुळे जांघेत जास्त. साथ रोखायला नेमके तेच अवयव तपासायचे होते, जिथे परक्याची नजरही चालत नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि अधिकाऱ्यांच्या हाती तपासणीची जवळपास अमर्याद सत्ता आली. रेल्वे फलाटांवर उतारूंच्या काखा-जांघा चाचपल्या जाऊ लागल्या. पुण्यात वॉल्टर रँडच्या प्लेग समितीने घरोघरच्या झडतीला गोरे शिपाई लावले. ते थेट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरत, बायकांना चारचौघांत तपासले जाते, अशा तक्रारी उठल्या. उद्देश जीव वाचवण्याचा होता, पण तो कोणाला पटवून सांगायची गरज समितीला वाटली नाही. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला गोळ्या घातल्या. हा प्रसंग शाळेत सगळेच शिकतात. त्यामागच्या संतापात घरच्या बायकांना परक्याने हात लावण्याची चीड किती होती, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा इंग्लंडात होते. शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे त्यांनी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर तिथे जाहीरपणे सांगितले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला आणि पत्रे लिहिणारे कोणी पुढे येईना. गोखल्यांना माफी मागावी लागली. आरोप खरा होता की खोटा, हे त्यावरून ठरत नाही. साक्ष द्यायची म्हणजे कोणाच्या तरी घरच्या बाईचे नाव कचेरीत घ्यायचे, आणि ते कोणाला नको होते.

मुंबईत मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातल्या विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीवरून प्लेगच्या पथकाला विरोध झाला आणि त्याची दंगल झाली. त्यानंतर सक्ती हळूहळू सैल झाली. निरनिराळ्या जमातींनी आपापली प्लेग इस्पितळे काढली, सरकारनेही त्यांना परवानगी दिली. आपला रोगी आपल्या माणसाच्या हाती सोपवायला लोक तयार होते.

कायद्यात ही मर्यादा यायला मात्र बराच काळ जावा लागला. अटक झालेल्या स्त्रीची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरनेच, किंवा तिच्या देखरेखीखालीच करायची, हे कलम फौजदारी प्रक्रिया संहितेत आले १९७३ साली. कामांच्या इस्पितळाची कोनशिला बसून तोवर नव्वद वर्षे झाली होती.