नवी इलेक्ट्रिक गिटार घरच्या घरी ‘जुनी’ कशी करायची? रेलिकिंगबद्दल सविस्तर माहिती

नव्याकोऱ्या गिटारवर मुद्दाम ओरखडे पाडायचे, रंग उडवायचा, चकचकीत स्क्रू काळे करायचे. हे सांगितल्यावर आईने फक्त एकच प्रश्न विचारला होता, “पैसे देऊन घेतलीस ना रे?” या प्रकाराला रेलिकिंग म्हणतात. कंपन्या हेच काम करून गिटार कितीतरी जास्त किमतीला विकतात. घरी करायला खर्च फार येत नाही, पण चूक झाली तर इथे कंट्रोल झेड नाही. म्हणून सुरू करण्याआधी हा लेख पूर्ण वाचा.

थोडा इतिहास. फेंडरच्या कस्टम शॉपने १९९५ मध्ये मुद्दाम जुन्या केलेल्या गिटार बाजारात आणल्या आणि ‘रेलिक’ हा शब्द रुळला. सुरुवातीच्या या बॉडी जुन्या करायचं काम विन्स क्युनेटो करत असे. सगळ्यांच्या डोळ्यासमोर असतात ते मात्र खरोखर झिजलेले नमुने. उदाहरणार्थ, आयर्लंडच्या रॉरी गॅलाघरची १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर. ती त्याने १९६३ मध्ये कॉर्क शहरात घेतली आणि आयुष्यभर वाजवली. तिचा बहुतेक रंग गेलेला आहे आणि याचं श्रेय त्याच्या घामाला दिलं जातं.

आधी फिनिश ओळखा

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे आणि बहुतेक व्हिडिओंमध्ये तो शेवटी येतो. जुन्या फेंडर आणि गिब्सनवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असे. हा थर पातळ असतो, वर्षानुवर्षं आकसतो, पिवळा पडतो, आणि थंडी-उष्णतेने लाकूड हललं की त्याला बारीक तडे जातात. आपण परवडणाऱ्या किमतीत घेतो त्या गिटारवर मात्र पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन असतं. ते जाड आणि कडक प्लास्टिक आहे. त्याला तसे तडे जात नाहीत. ते झिजण्याऐवजी कपच्यासारखं उडतं.

ओळखायची युक्ती सोपी आहे. मागचं प्लास्टिकचं झाकण उघडा आणि आतल्या न दिसणाऱ्या कडेला ॲसिटोन लावलेला कापसाचा बोळा काही सेकंद टेकवा. फिनिश चिकट झालं, रंग बोळ्यावर आला, तर नायट्रो. काहीच झालं नाही तर पॉली. माझ्या गिटारवर काहीच झालं नाही.

पॉली असेल तर ते बारीक तड्यांचं जाळं विसरा. गिटार फ्रीझरमध्ये ठेवून मग हेअर ड्रायर मारायची युक्ती नायट्रोसाठी आहे. पॉलीवर त्याचा उपयोग नाही, उलट नेकचं लाकूड वाकायची भीती. सगळा रंग काढून फर्निचरवाल्यांकडचं एनसी लॅकर मारता येतं (एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोजच), पण त्यातल्या प्लास्टिसायझरमुळे ते लवचीक राहतं आणि सहज तडकत नाही. शिवाय ते ज्वालाग्राही आहे, वासही उग्र. फ्लॅटमध्ये नकोच.

झीज कुठे होते?

खोटं रेलिक लगेच ओळखू येतं, कारण ओरखडे कुठेही असतात. खरी झीज ठरावीक जागीच होते: उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग टेकतो ती वरची कड, पाठीमागे पट्ट्याचं बक्कल लागतं तो भाग, गिटार खाली टेकवताना आपटणारी कड, आणि नेकची मागची बाजू. नॉबच्या मधल्या खाचेत किंवा पिकगार्डखाली झीज होत नाही.

मी हाताला टाल्कम पावडर लावून अर्धा तास नेहमीसारखं वाजवलं आणि मग फोटो काढला. पावडर जिथे लागली तो माझा नकाशा. माझा हात अपेक्षेपेक्षा बराच मागे टेकतो, हे मला तेव्हाच कळलं. कुणा प्रसिद्ध गिटारची नक्कल करण्यापेक्षा हे बरं, कारण पुढची खरी झीजही तिथेच येणार.

रंग काढताना

तारा, नेक, पिकअप, सगळे इलेक्ट्रॉनिक्स काढून ठेवा. वायरींचे फोटो आधी काढा. डस्ट मास्क हवाच, पॉलीची धूळ फुप्फुसात जायला नको.

माझी चूक इथे झाली. घाईघाईत १२० नंबरचा पॉलिश पेपर घेतला आणि कडेवर जोर लावला. सनबर्स्टचा रंग गेला आणि खाली लाकूड नव्हतंच, पांढरट जाड थर होता. रंगाखालचा सीलर. दोन महिन्यांचे पैसे साठवून घेतलेली गिटार पत्रा सोललेल्या स्कूटरसारखी दिसायला लागली. त्या रात्री झोप लागली नाही.

बरोबर पद्धत अशी आहे. जिथे रंग जायला हवा तिथे आधी किल्ल्यांच्या जुडग्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने छोटे टवके पाडा. मग २२० ने सीलरसकट लाकडापर्यंत जा, पण मधल्या छोट्या भागातच. नंतर ४०० आणि ८०० ने कडा इतक्या उतरत्या करा की बोटाला पायरी लागणार नाही. नुसता टवका सोडला तर पॉलीची धारदार चकचकीत कड सगळं गुपित फोडते. उघड्या लाकडाजवळ कोरडंच घासा. पाणी लाकडात किंवा स्क्रूच्या भोकात गेलं तर लाकूड फुगतं आणि फिनिश उचललं जातं. नेक बसते त्या खाचेला हात लावू नका, तिथे मिलिमीटरचा फरकही महाग पडतो.

उघडं पडलेलं लाकूड पांढुरकं दिसतं, कारण त्यावर घाम-मळ नाही. इथे थोडी केमिस्ट्री कामाला येते. स्टील वूल व्हिनेगरमध्ये दोन दिवस ठेवलं की लोहाचं ॲसिटेट तयार होतं. बरणीचं झाकण सैल ठेवा, आत गॅस तयार होतो. हे द्रावण लाकडातल्या टॅनिनशी मिळालं की राखाडी-काळा रंग येतो. स्वस्त गिटारच्या बासवुडमध्ये टॅनिन कमी, म्हणून आधी कडक कोरा चहा लावून वाळवायचा. आपल्याकडे हिरडा आणि लोखंडापासून शाई करत, ते तत्त्व हेच. पातळ हात द्या, कारण रंग हळूहळू गडद होतो. आधी तशाच लाकडाच्या तुकड्यावर बघा.

बाकीच्या बॉडीची चमक सगळीकडे सारखी मारू नका. हात लागतो तिथेच २००० नंबरचा वॉटर पेपर किंचित ओला करून फिरवा.

धातू आणि प्लास्टिक

इंजिनिअरिंगला सर्किट बोर्ड बनवले असतील तर फेरिक क्लोराईड माहीत असेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत सहज मिळतं. निकेलचे भाग यात एक-दोन मिनिटांतच निस्तेज होतात. क्रोमवर फारसा परिणाम होत नाही, ते आधी घासून फोडावं लागतं. प्लास्टिकचं भांडं, हातमोजे, गॉगल, आणि उघडी गॅलरी. पावडर असेल तर ती पाण्यात थोडी थोडी टाका, कारण द्रावण तापतं. नंतर भाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा, वाळवा, शिलाई मशीनचं तेल लावा. वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, ते नळकामाचे धातू खातं.

सॅडलचे स्क्रू मी दहा मिनिटं विसरलो आणि त्यांचे आटेच गेले. इंटोनेशन जुळेना, नवे स्क्रू घ्यावे लागले. तेव्हा आटे असलेले भाग बुडवू नका, फक्त डोकी कापसाने पुसा. पिकअप, पॉट, जॅक यांना तर हे लावायचंच नाही. हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या वाफेची पद्धतही सांगतात, पण मी ती घरी करणार नाही. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी सुटे स्क्रू पावसाळाभर गॅलरीत ठेवले तरी पुरे.

पांढरे नॉब आणि पिकअपची झाकणं ८०० ने हलकी घासून गरम कडक चहात ठेवली की जरा पिवळट होतात. फरक थोडाच पडतो आणि तेवढाच बरा दिसतो.

नेक

एकच गोष्ट करायची असेल तर ही करा. मागचं चिकट चकचकीत फिनिश १००० नंबरने आणि मग भांड्यांच्या हिरव्या घासणीने लांबीच्या दिशेने घासा. हात सरकायला लागतो. फ्रेटबोर्डच्या धारदार कडा स्क्रू ड्रायव्हरच्या गोल दांड्याने दाबून घोटा. स्टील वूल वापरायचं असेल तर पिकअप दुसऱ्या खोलीत ठेवा. त्याचे बारीक तुकडे चुंबकाला चिकटतात आणि नंतर निघत नाहीत.

आवाजाचं म्हणाल तर तो पिकअप, तारा आणि सेटअपवर अवलंबून असतो, त्यामुळे रंग खरवडून तो ‘विंटेज’ होत नाही. वॉरंटी मात्र जाते आणि पुढे विकताना किंमतही बहुधा कमीच येते. विकायची वेळ आली तर जाहिरातीतच ‘घरी रेलिक केलेली’ असं लिहा, फोटो मूळ रंगाचेही द्या, आणि सीरियल नंबर किंवा हेडस्टॉकवरचा लोगो बदलू नका, तो थेट फसवणुकीचा प्रकार होतो. माझी सोललेली कड मी दुरुस्त केली नाही. चहा आणि व्हिनेगरचे तीन हात दिल्यावर ती आता तेवढी पांढरी दिसत नाही.