इंग्लंडमध्ये जीपीकडे नोंदणी करताना पत्त्याचा पुरावा नसेल तर?

पुण्या-नाशिकहून इंग्लंडला शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याच्या नावावर सुरुवातीला वीजबिल नसतं. खोली वाटून घेतलेली असते, भाडेकरार दुसऱ्याच्या नावावर असतो आणि बँक खातं उघडायचं राहिलेलं असतं. सोबत नेलेली थायरॉइडची किंवा दम्याची औषधं मात्र संपत आलेली असतात. अशा वेळी दवाखान्यात 'पत्त्याचा पुरावा आणा' असं ऐकलं की अनेकजण परत फिरतात. नियमानुसार त्याची गरज नसते.

जीपी म्हणजे कोण?

जीपी म्हणजे जनरल प्रॅक्टिशनर, आपल्याकडच्या फॅमिली डॉक्टरसारखे. एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत तज्ज्ञ डॉक्टरांकडे जाण्यासाठी बहुतेक वेळा जीपींचीच चिठ्ठी लागते. जीपीकडे नोंदणी आणि तपासणी मोफत असते. व्हिसा कोणता आहे, याचा नोंदणीशी संबंध नसतो.

नियम काय सांगतो?

एनएचएस इंग्लंडच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, व्हिसाची कागदपत्रं किंवा एनएचएस क्रमांक नाही, एवढ्याच कारणावरून नोंदणी नाकारता येत नाही. दवाखाना कागदपत्रं मागू शकतो, पण ती नसली तरी अर्ज घ्यावा लागतो.

मग पत्ता कशासाठी विचारतात?

पत्ता सांगणं वेगळं आणि तो सिद्ध करणं वेगळं. प्रत्येक दवाखान्याचा ठरलेला परिसर असतो आणि हॉस्पिटलची पत्रं नोंदवलेल्या पत्त्यावरच जातात. त्यामुळे खरा पत्ता देणं रुग्णाच्याच फायद्याचं असतं. राहायला कायमचं ठिकाण नसेल, तर तात्पुरता पत्ता किंवा त्या दवाखान्याचाच पत्ता देता येतो.

नकार कधी मिळू शकतो?

नवे रुग्ण घेणं अधिकृतपणे बंद असेल किंवा रुग्ण परिसराबाहेर राहत असेल, तर दवाखाना नकार देऊ शकतो. मात्र नकाराचं कारण १४ दिवसांत लेखी कळवावं लागतं.

अडवणूक झाली तर काय करावं?

• नोंदणी ऑनलाइन करता येते किंवा 'पीआरएफ१' हा कागदी अर्ज भरता येतो.
• विद्यापीठाचं पत्र असेल तर जोडावं. ते सक्तीचं नाही, पण काम सोपं होतं.
• भारतातल्या डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. ब्रँडची नावं तिथे वेगळी असतात, म्हणून औषधाचं मूळ नाव लिहून न्यावं.
• काउंटरवर नकार मिळाल्यास लेखी कारण मागावं आणि प्रॅक्टिस मॅनेजरशी बोलावं. तरीही काम झालं नाही, तर त्या भागाच्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे तक्रार करता येते.
• औषध संपत आलं असेल तर नोंदणीची वाट न पाहता १११ वर फोन करावा. जिवावर बेतलं असेल तर ९९९.

हे नियम इंग्लंडपुरते आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये आरोग्यसेवेची व्यवस्था वेगळी आहे.