नदीची निवड आणि एक उपरा मासा

उन्हाळ्याच्या सुटींत मुलांमाणसांसह चार दिवस नदीवर काढावे, होडी सोडावी, गळ टाकावा, ही हौस अमेरिकेंत फार जुनी आहे. आणि त्या हौसेचा एक लाडका मासा म्हणजे स्मॉलमाउथ बास. त्यासाठीं कोणत्या नदीवर जावें हा प्रश्न वरवर पाहतां नकाशाचा व सोयीचा दिसतो. वस्तुतः तो इतिहासाचा आहे. कारण आज ज्या नद्यांत हा मासा विपुल सांपडतो त्यांपैकीं पुष्कळ नद्यांत दोनशें वर्षांपूर्वीं तो औषधालाही नव्हता.

त्याचें नांवच एका गैरसमजुतींतून जन्मलें आहे. १८०२ सालीं लासेपेद या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानें त्याचें वर्णन केलें, तेव्हां त्याच्यापुढील नमुन्याचा पाठीवरचा पर फाटलेला होता. त्याचा मागें उरलेला तुकडा हा स्वतंत्र चिमुकला परच होय असें समजून त्यानें वंशाला ‘मायक्रॉप्टेरस’, म्हणजे ‘लघुपर’, असें नांव ठेवलें. आणि जातीला नुकत्याच वारलेल्या दोलोम्यू नामक भूगर्भशास्त्रज्ञाचें नांव दिलें. डोलोमाइट हा खडकही त्याच गृहस्थाच्या नांवाचा. योगायोग असा कीं, ओझार्क पठारावरील ज्या नद्यांत हा मासा मूळचा आहे त्या चुनखडीच्या व डोलोमाइटच्याच थरांतून वाहतात.

माशाच्या आवडीनिवडी कडक आहेत. पाणी स्वच्छ व वाहतें हवें. बर्फासारखें थंड नको, डबक्यासारखें कोमटही नको. तळाशीं दगडगोटे हवेत, कारण त्याचें आवडतें भक्ष्य जो क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यांतली छोटी शेवंडच म्हणा, तो दगडांखालींच राहतो. वसंतांत पाणी १५-१६ अंश सेल्सियसपर्यंत तापलें कीं, नर शेपटीनें वाळूगोटे झाडून घरटें करतो आणि अंडीं व पिलें यांची राखण करीत तेथेंच ठाण मांडून बसतो. गाळानें तळ बुजला कीं हा सारा संसार उधळतो.

पंचमहासरोवरें, सेंट लॉरेन्स, ओहायो, टेनेसी व मिसिसिपीचा वरचा प्रदेश हें त्याचें मूळ घर. ॲपलेशियन पर्वताच्या पूर्वेस पोटोमॅक नदींत तो नव्हता. १८५३ सालीं बाल्टिमोर-ओहायो रेल्वे व्हीलिंगपर्यंत सुरू झाली आणि पर्वताचा अडसर निघाला. पुढल्याच वर्षीं विल्यम श्रायव्हर या गृहस्थानें व्हीलिंगच्या ओढ्यांतले थोडेसे मासे एंजिनाच्या पाण्याच्या टाकींत ठेवून कंबरलंड येथें आणले व कालव्याच्या हौदांत सोडले. तेथून ते पोटोमॅकमध्यें उतरले व तिच्या वरच्या सर्व शाखांत पसरले. वॉशिंग्टनच्या आसपास राहणारीं आपलीं मराठी कुटुंबें शनिवार-रविवारीं शेनान्डोआच्या कांठीं जातात, तेथें गळाला लागणारा बास हा त्या आगगाडीच्या प्रवाशांचाच वंशज समजावा.

ही युक्ति पुढें सरकारी धोरण झाली. १८७१ सालीं संयुक्त संस्थानांचें मत्स्य-कमिशन स्थापन झालें आणि १८८१ पासून मासे वाहण्याचे खास डबे रेल्वेवर धांवूं लागले. त्याच १८८१ सालीं डॉ. जेम्स हेन्शॉल यांचा बासवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला व ट्राउटपुढें हलका गणला जाणारा हा मासा शौकिनांच्या पंक्तीला बसला. नदी ही एक रिकामी बरणी असून तींत आपल्या आवडीचा मासा भरावा, अशी त्या काळची समजूत दिसते. आपल्याकडे निलगिरीच्या ओढ्यांत इंग्रजांनीं ट्राउट आणून सोडला तोही याच वृत्तीनें.

या समजुतीचें बिल पश्चिमेस फेडावें लागत आहे. ऑरेगनमधील जॉन डे नदींत १९७१ सालीं बास सोडला गेला. ती नदी सॅमनची. आणि पाणी तापत जाईल तसतसा बास वर सरकत सॅमनच्या पिलांपर्यंत पोहोंचतो. शेवटीं २०१६ सालीं तेथें बास पकडण्यावरील संख्येची मर्यादाच उठविण्यांत आली. कोलोरॅडोवर ग्लेन कॅन्यन धरणामागचें सरोवर खालावलें, त्यामुळें धरणांतून कोमट पाणी सुटूं लागलें, आणि २०२२ सालीं धरणाखालीं बासचीं पिलें आढळलीं. तेथील हंपबॅक चब या दुर्मिळ माशावर हें नवें संकट होय.

पोटोमॅकची कथा निराळी. तेथें उपरा मासाच नदीच्या दुखण्याचा साक्षीदार झाला. २००२ पासून तिच्या दक्षिण शाखेंत व पुढें शेनान्डोआंत बास मोठ्या संख्येनें मेले, आणि २००३ सालीं नर माशांच्या वृषणांत अंड्यांच्या पेशी आढळल्याचें उघड झालें. कारण एकच एक असें हातीं आलेलें नाहीं. शेतांतून व सांडपाण्यांतून येणाऱ्या द्रव्यांकडे संशोधकांचें बोट आहे.

माझी स्वतःची निवड ओझार्कमधील बफेलो नदीची. तिची शेजारीण व्हाइट ही एकेकाळीं बासची राणी होती. लांकडाच्या सपाट तळाच्या होड्यांतून दिवसच्या दिवस वाहत जावें, रात्रीं गोट्यांच्या पुळणीवर मुक्काम करावा, अशी तेथील रीत. १९५१ सालीं बुल शोल्स धरण पुरें झालें. धरणाच्या तळाचें थंडगार पाणी नदींत सुटूं लागतांच बास खालच्या पात्रांतून हद्दपार झाला व त्याच्या जागीं ट्राउट पाळावा लागला. बफेलोवरही धरण होणार होतें. डॉ. नील कॉम्प्टन व त्यांनीं इतरांसह १९६२ सालीं काढलेली ओझार्क सोसायटी यांनीं दहा वर्षें झगडून तें टाळलें. १९७२ सालीं बफेलो ही देशांतली पहिली ‘राष्ट्रीय नदी’ ठरली. येथें बास घरचा आहे, म्हणून धरावा, मुलांना त्याचा लाल डोळा दाखवावा व सोडून द्यावा. जॉन डेवर तोच मासा निःशंकपणें तळून खावा!

एक व्यवहाराची गोष्ट. पाँकाजवळचा वरचा भाग उंच कड्यांमुळें अधिक देखणा, पण उन्हाळा चढला कीं तेथें होडी गोट्यांवर घासते. लहान मुलें बरोबर असतील तर खालचें पात्र बरें. बफेलो पॉइंटहून निघून रश या ओसाड पडलेल्या जस्ताच्या खाणींच्या गांवापर्यंत एका दिवसांत सुखानें जातां येतें. पुढें वस्ती संपते व कांहीं मैलांनीं बफेलो व्हाइटला मिळते. त्या संगमावर पाण्यांत हात घालावा. क्षणापूर्वींचें कोमट पाणी तेथें एकदम गारठतें.